मखरातली मुलगी

१

मराठी वाङ्मयात बायका पुष्कळ आहेत, मुलगेही पुष्कळ आहेत. मुली मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. 'मुलगी' हा शब्द मी येथे सैलपणे वापरीत नाही. उपवर कन्या, कॉलेजात जाणारी तरुणी, नवपरिणीता, परित्यक्ता या सर्वांना आपल्या कथा-कादंबऱ्यांनी उदंड जागा दिली आहे. मला अभिप्रेत आहे ती सात-आठ ते तेरा-चौदा वर्षांची, एके काळी परकर-पोलक्यात वावरणारी, पुढे फ्रॉकमध्ये आलेली आणि आज जीन्स घालून सायकल दामटणारी पोर. तिला अजून काही व्हायचे नसते. ती आज जी आहे तेवढे तिला पुरते. मुलग्यांच्या बाजूने पाहा : साने गुरुजींचा श्याम आहे, ताम्हनकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, मिलिंद बोकिलांच्या 'शाळे'तला मुकुंद जोशी आहे. यांच्या पंगतीला बसवायला मुली शोधू लागलो, की ताम्हनकरांच्याच 'चिंगी'पाशी आपण क्षणभर थांबतो आणि मग स्मरणशक्तीला ताण द्यावा लागतो.

सुमी आहे, असे कोणी म्हणेल. शिरोडकर आहे, असेही म्हणेल. आहेत खऱ्या, आणि दोघीही मनात घर करून राहणाऱ्या आहेत. पण सुमी आपल्याला दिसते ती लंपनच्या डोळ्यांनी आणि शिरोडकर दिसते ती मुकुंदाच्या. ती घरी एकटी असताना काय करते, कशाला भिते, कशाचा कंटाळा करते, हे सांगायला ती स्वतः कोठे आली आहे? मुलग्याचे बालपण हा आपल्याकडे वाङ्मयाचा विषय होतो; मुलीचे बालपण ही पुढच्या विषयाची प्रस्तावना असते. ती प्रस्तावना शक्य तितक्या लवकर आटोपावी, अशीच लेखकाची आणि वाचकाचीही इच्छा दिसते.

या घाईबद्दल मला बोलायचे आहे. हल्ली घरोघर एक तक्रार ऐकू येते : मुली फार लवकर मोठ्या होऊ लागल्या आहेत. दोष टेलिव्हिजनचा, सिनेमाचा, हातातल्या मोबाईलचा. तक्रार खोटी नाही. तिच्याकडे मी पुढे वळणारच आहे. पण तिच्यामागे एक गृहीत दडलेले असते. पूर्वी म्हणजे ही यंत्रे घरात येण्याआधी आपल्या मुलींना संथ, लांबरुंद बालपण मिळत होते, असे ते गृहीत. ते मला मुळीच मान्य नाही. घाई जुनीच आहे. बदलत गेली ती तिची कारणे.

२

मागच्या पिढ्यांतल्या पुष्कळ पांढरपेशा घरांत मखराची चाल होती. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी झालेले असे. पुढे तिला न्हाण आले, की सासरी तिला मखरात बसवीत. केळीचे खुंट, फुलांच्या माळा, नवे पातळ, अंगावर दागिने. आळीतल्या बायका येत, ओटी भरीत, गोडधोडाची ताटे आणीत. जी गोष्ट त्या पोरीला स्वतःपासूनसुद्धा लपवावीशी वाटली असेल, ती साऱ्या गावाला वाजतगाजत कळे. त्यानंतर गर्भाधान.

या चालीचे क्रौर्य आपल्याला आता चटकन दिसते. तिच्यातली गोम दिसायला मात्र थोडे थांबावे लागते. मखरात बसलेल्या त्या पोरीला आनंद होत नव्हता, असे समजण्याचे कारण नाही. एरवी जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे, ती चार दिवस साऱ्या घराच्या कौतुकाचा विषय होई. मोठेपणाची सक्ती तिच्यावर छडी घेऊन येत नसे. ती फुले घेऊन येई. 'किती शहाणी झाली!' 'अगदी बाईमाणसासारखी वावरते हो!' ही आपल्याकडची मुलीला द्यायची शाबासकी. मुलग्याला आपण 'खोडकर आहे' असे म्हणतो तेही कौतुकानेच. मुलीचे कौतुक करायचे तर तिच्या वयातून पाच-दहा वर्षे पुढे ढकलूनच करायचे, ही रीत. हे मखर लक्षात ठेवावे, एवढीच वाचकांना विनंती आहे. पुढे त्याचा उपयोग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या वयाबद्दल मोठा वाद झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले, म्हणून १८८४ मध्ये त्यांच्यावर मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद झाली. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहाचे बारा झाले. या दोन वर्षांसाठी सारा महाराष्ट्र पेटला होता. 'केसरी' रखमाबाईंच्याही विरुद्ध होता आणि कायद्याच्याही. या वादातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मुलीच्या शरीराची, तिच्या वयाची, तिच्या ऋतूची चर्चा वर्तमानपत्रांतून आणि सभांतून प्रौढ पुरुष उघडपणे करीत होते. आणि जिच्याबद्दल ही चर्चा, तिचा आवाज त्या गदारोळात जवळजवळ कोठेच नव्हता. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिली, तीही स्वतःचे नाव न घालता, 'एक हिंदू स्त्री' या सहीने. मुद्रणाचे माध्यम नवे होते. पण मुलीपुरते तेही एक मखरच ठरले. पाहणारे सगळे बाहेर आणि बघितली जाणारी तेवढी आत.

३

या वादाच्या आगेमागे जे सुधारणावादी वाङ्मय निर्माण झाले, त्याचे ऋण फार मोठे आहे. ते मान्य करूनच मी पुढचे लिहितो.

देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ चे. म्हातारा भुजंगनाथ, पैशाला लाचावलेला कांचनभट आणि त्या दोघांच्या व्यवहारात सापडलेली शारदा. या नाटकाने जरठ-बाला विवाहाला जेवढा हादरा दिला, तेवढा शंभर व्याख्यानांनी दिला नसेल. पण आज ते वाचताना एक प्रश्न मनात येतो. नाटकाचा सारा रोख वराच्या वयावर आहे. नवरा म्हातारा आहे, हे संकट. नवरी लहान आहे, ही केवळ परिस्थिती. म्हणून कोदंडासारखा तरुण वर मिळाला की संकट टळते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. शारदेला इतक्यात लग्नच नको, तिला आणखी चार वर्षे मैत्रिणींत राहू द्या, असा शेवट त्या काळच्या रंगभूमीला सुचणेच शक्य नव्हते. पुढे बालगंधर्वांनीही शारदेची भूमिका केली. पुरुषाने उभी केलेली ती मुलगी पाहून लोक मुग्ध झाले. मुलगी कशी असते हे रंगभूमीने मुलीला कधी विचारलेच नव्हते.

हरिभाऊ आपट्यांनी मात्र विचारले. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी पुस्तकरूपाने १८९३ मध्ये आली. यमूच्या तोंडूनच ती सांगितली आहे आणि आरंभीच्या प्रकरणांतली भाऊ-बहिणींची जोडी हा आपल्या कादंबरीतला एक अक्षय ठेवा आहे. पुढे येणारे वैधव्य आणि केशवपन इतके भयंकर वाटते, कारण ज्या बाईवर हे कोसळते, तिच्यातली पोर आपण पाहिलेली असते. हरिभाऊंना हे कळले होते, की दुःखाचे माप घ्यायचे तर आधी गमावलेल्या गोष्टीचे माप द्यावे लागते. दुर्दैवाने त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांचे दुःख उचलले, हे माप घेणे उचलले नाही.

सुधारकांच्या घरात काय होते? रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चे. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. न्यायमूर्ती तेव्हा तिशी ओलांडलेले. आल्याबरोबर शिक्षण सुरू झाले. घरातल्या बायकांचा त्या शिक्षणाला असलेला विरोध, त्यांचे टोमणे आणि त्या साऱ्यातून रमाबाईंनी काढलेली वाट ही कहाणी थोर आहे, यात शंका नाही. पण पुस्तक वाचताना देवराष्ट्र्याची ती अकरा वर्षांची मुलगी किती चटकन नाहीशी होते पाहा! एका बाजूने घरच्या बायका तिला 'चांगली सून हो' म्हणून ओढतात, दुसऱ्या बाजूने पती 'सुशिक्षित सहचारिणी हो' म्हणून ओढतो. ओढणारे एकमेकांचे विरोधक. पण थोडी थांब, असे म्हणणारा त्यांच्यात एकही नाही.

आनंदीबाई जोशांचे चरित्र याहून करुण आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेले. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरीची पदवी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, मृत्यू. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, १९६८ मध्ये श्री. ज. जोशांची 'आनंदी गोपाळ' कादंबरी आली, २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. गोपाळराव शिकवीत ते मारूनमुटकून, हे सर्वांना ठाऊक आहे. ते आपण आता जवळजवळ कौतुकाने सांगतो : बघा, त्या काळात बायकोने शिकावे म्हणून रागावणारा नवरा! आनंदीबाईंच्या कर्तृत्वापुढे मी नतमस्तक आहे. पण दहा-अकरा वर्षांची एक पोर धड्यासाठी मार खाते, त्या प्रसंगाचे माप तिच्या पुढच्या पदवीने घ्यायचे काय? कर्मठांना घाई होती ती मुलीची सून करण्याची आणि सुधारकांना घाई होती ती मुलीची आदर्श स्त्री करण्याची. दुसरी घाई पहिलीपेक्षा शतपटींनी चांगली, हे उघड आहे. पण तिनेही मुलीकडे पाहिले ते उद्याच्या डोळ्यांनीच.

४

तरीही आपल्या परंपरेत मुलीचे काहीच नाही, असे नाही. तिने स्वतःपुरती जागा करून घेतलेली आहे, आणि समीक्षकाने ती दाखविली पाहिजे.

भोंडलाच घ्या. आश्विनातल्या हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. गाणी पाहिली तर सगळी सासरची : सासू, सासरे, दीर, नणंद आणि माहेरची वाट. खेळसुद्धा मोठेपणाचीच तालीम, असे म्हणून मी हे प्रकरण बाजूला टाकणार होतो. पण कान देऊन ऐकले की कळते, या गाण्यांत सासरची फजिती आहे, लटकी तक्रार आहे, निव्वळ वेड्यावाकड्या यमकांची धमाल आहे. ज्या मोठेपणाचा धाक, त्यालाच फेरात ओढून पोरींनी नाचविले आहे. येथे मुलगी बघितली जात नाही. येथे ती बघते आणि हसते.

हेच हसू मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सापडते. तेही अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीचेच आत्मचरित्र. नाशिकजवळचे जलालपूर, वडिलांचे अतिरेकी सोवळे, पुढे लहरी पतीबरोबरचा फिरस्ता संसार : दुःखाला काही तोटा नाही. पण लक्ष्मीबाईंनी आपल्यातली पोर सासरच्या उंबऱ्याबाहेर ठेवली नाही. ती खोड्या काढीत, फजित होत, स्वतःवर हसत शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर चालली आहे. त्या पुस्तकाच्या भाषेचा जो अवीट ताजेपणा आपण सर्वांनी वाखाणला, त्याचे रहस्य मला तरी यातच दिसते. मोठी झालेली बाई लहानपण आठवते आहे असे तेथे वाटत नाही. लहान मुलगीच मोठ्यांचे जग पाहून थक्क होत आहे असे वाटते.

पांढरपेशा घराबाहेर पडले की मखर नाहीसे होते आणि उरतात ते कष्ट. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकात महारवाड्यातल्या बालसुनांचे जे वर्णन आहे, ते वाचून मन सुन्न होते. खेळायच्या वयातल्या पोरी भल्या पहाटे उठून दळण दळतात, चवडभर भाकऱ्या थापतात. चुकले तर मार. येथे कौतुकाचे सोंगसुद्धा नाही. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) मात्र दारिद्र्य आणि जातीचा जाच या दोहोंच्या मध्ये एक मुलगी जिवंतपणे वावरताना दिसते : खाण्याच्या वासाने हुरळणारी, भिणारी, हेवा करणारी, आईच्या विणत्या हातांकडे पाहणारी. वाङ्मयात आपल्याला हव्या असलेल्या मुली पुष्कळ अंशी दलित आणि बहुजन स्त्रियांच्या आत्मकथनांत आल्या आहेत, ललित कादंबरीत नव्हे. याचा विचार कादंबरीकारांनी करावा.

५

आता पडद्याकडे वळू. 'बालिका वधू' ही हिंदी मालिका २००८ मध्ये सुरू झाली आणि मराठी घरांतही आवडीने पाहिली गेली. बालविवाहाविरुद्ध जागृती हा तिचा जाहीर हेतू होता. २०१२ मध्ये रमाबाई रानड्यांच्या जीवनावरची 'उंच माझा झोका' मराठीत आली. दोन्ही मालिकांचे आरंभीचे यश त्यांतल्या छोट्या मुलींनी मिळवून दिले. त्यांचे निरागस प्रश्न, नाकातली नथ, डोक्यावरचा पदर, मोठ्या दागिन्यांत हरवलेला लहानसा चेहरा : प्रेक्षक हळहळलेही आणि लोभावलेही. ज्या प्रथेचा निषेध करायचा, तिचेच रूप इतके गोजिरवाणे करून दाखवायचे, की निषेध कोठे संपला आणि नवे मखर कोठे सुरू झाले हे कळू नये.

आणि पुढे काय होते? मालिकेच्या धंद्यात 'लीप' असा एक शब्द आहे. कथानक एकदम काही वर्षे पुढे उडी घेते. काल होती ती मुलगी आज तरुणी होऊन समोर येते. दोन्ही मालिकांत अशी उडी आली. व्यवसायाच्या दृष्टीने ती सोयीची असेल. पण मला तीत आपल्या साऱ्या वाङ्मयाची जुनी खोड स्पष्ट दिसते. मुलगी ते बाई यांमधली जी अवघड, अडखळती, नावे न सुचणारी वर्षे, ती आपण नेहमी उडीनेच ओलांडली आहेत. कादंबरीत प्रकरण संपते, चरित्रात परिच्छेद बदलतो, मालिकेत 'लीप' येतो.

स्पर्धांचे कार्यक्रम हा याचा दुसरा अवतार. सात-आठ वर्षांची मुलगी प्रौढ शृंगाराच्या गाण्यावर, त्याच्या सर्व हावभावांसकट नाचते. परीक्षक उठून उभे राहतात. आईच्या डोळ्यांत पाणी येते. हे इतके वाढले की जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाला वाहिन्यांना सूचना काढावी लागली : मुलांना त्यांच्या वयाला न शोभणारी, प्रौढांची नृत्ये करायला लावू नका. सूचना योग्यच होती. पण टाळ्या वाजविणारे आपण होतो, त्यांना कोण सूचना देणार? 'किती शहाणी झाली' या जुन्या शाबासकीचेच हे नवे रूप आहे. फक्त ती आता आळीतल्या बायकांऐवजी लाखो अनोळखी लोकांकडून मिळते. मोबाईलवर तर परीक्षकही नको आणि वाहिनीही नको. इन्स्टाग्रामचा नियम तेरा वर्षांचा आहे. नियमाला वळसा घालणे किती सोपे, हे घरोघर ठाऊक आहे. मुलगी स्वतःच मखर उभारते, स्वतःच त्यात बसते आणि ओटी भरायला कोण कोण आले ते रात्रंदिवस मोजीत राहते.

यावर सनातनी मंडळींचा उपाय तयार असतो : तिचे कपडे बदला, तिला झाकून ठेवा, खेळ बंद करा. तो उपाय रोगाचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा वर्षांच्या पोरीला नटविणारा आणि तिला ओढणीत गुंडाळणारा, दोघेही तिच्यात एकच गोष्ट पाहतात. तिच्यात बाई न पाहता, झाडावर चढलेली एक पोर पाहणारी नजर दोघांजवळही नाही.

६

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तर मी इतका वेळ घेतला नसता. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, १९७८ मध्ये ते १८ झाले, २००६ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा नवा कायदा आला. तरीही २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात शेकडा २३.३ आणि महाराष्ट्रात २१.९ निघाले. म्हणजे रखमाबाईंच्या आणि रमाबाईंच्या महाराष्ट्रात पाचांतली एक. बीडकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबे पाहा. तेथे उचल मिळते ती कोयत्यावर, आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एकटा माणूस म्हणजे अर्धाच. आईबाप सहा-सहा महिने फडावर जाणार, वाढती पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती वेगळीच. मग पोरीचे लग्न उरकून टाकले जाते आणि एक कोयता पुरा होतो. तिला घाई करायला कोणत्याही पडद्याची गरज पडली नाही.

मखर आणि कोयता ही या घाईची दोन टोके. एकीकडे लाड, दुसरीकडे नड. मध्ये तीच पोर. कोयत्यावर वाङ्मयापाशी उतारा नाही; तो मजुरीचा, शाळांचा, वसतिगृहांचा आणि कायद्याच्या अंमलाचा प्रश्न आहे. मखराचा प्रश्न मात्र आपला, लिहिणाऱ्यांचा आणि वाचणाऱ्यांचा आहे, कारण ते उभारण्यात आपलेही हात आहेत. आमच्या दिवाळी अंकांनीच पाहावे : दलाल-मुळगावकरांच्या काळापासून मुखपृष्ठावर तबक घेतलेल्या सुंदर तरुणी आम्ही किती छापल्या, आणि गुडघे फुटलेली, फटाक्याची वात पेटवायला वाकलेली मुलगी किती वेळा छापली?

माझी मागणी मोठी नाही. एखाद्या लेखिकेने, वा लेखकाने, दहा वर्षांची एक मुलगी घेऊन एक कादंबरी लिहावी. तिच्यात तिचे लग्न ठरू नये, तिच्यावर अत्याचार होऊ नये, तिने कोणते बक्षीस मिळवू नये आणि ती कोणाचे आदर्श उदाहरण होऊ नये. तिने बोरे वेचावीत, मैत्रिणीशी अबोला धरावा, खोटे बोलावे, घाबरावे, दुपारभर काही न करता जिन्यात बसून राहावे. आणि शेवटच्या पानावर ती फार तर अकरा वर्षांची झालेली असावी. अशी कादंबरी खपेल की नाही, मला सांगता येत नाही. पण ज्या घरात ती वाचली जाईल, त्या घरातली एखादी आई समोर खेळणाऱ्या आपल्या पोरीला 'आता मोठी झालीस' असे म्हणण्याआधी थोडी थांबेल. वाङ्मयाकडून याहून अधिक उपकाराची अपेक्षा मी करीत नाही.